टेबलावरचा किल्ला

दरवर्षी या अंकासाठी प्राचार्यांचे मनोगत लिहायचे म्हटले की मी निकालाचे आकडे, क्रीडास्पर्धांतील बक्षिसे आणि स्नेहसंमेलनाचा वृत्तांत समोर घेऊन बसते. ते सर्व यंदा अहवालाच्या पानांवर आलेच आहे. म्हणून या वेळी मी एका चुकीबद्दल लिहिणार आहे. चूक विद्यार्थ्यांची नाही, माझी आहे. आणि ती या अंकात छापून यावी असे मला मनापासून वाटते.

जुलै महिन्यातला एक शनिवार होता. शाळा सुटली होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीतून मोठ्याने बोलण्याचा आवाज आला म्हणून मी आत डोकावले. आठवी-नववीतली सहा मुले टेबलाभोवती बसली होती आणि मध्ये फासे पडले होते. फासे पाहिल्याबरोबर माझ्या डोक्यात एकच शब्द आला, जुगार. मी काही विचारले नाही. फासे उचलले, सर्वांना चार शब्द सुनावले आणि ते माझ्या टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावले. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आम्ही पैशांनी खेळत नाही.” मी म्हणाले, “मला शिकवू नकोस.”

पुढच्या आठवड्यात तिनेच माझ्या टेबलावर एक अर्ज आणून ठेवला. ‘विषय : फासे परत मिळण्याबाबत.’ अर्ज मराठीत होता. पालकहो, आपल्याला खरे सांगते, गेल्या कित्येक वर्षांत माझ्याकडे आलेले विद्यार्थ्यांचे अर्ज हिंदीत असतात, हल्ली काही इंग्रजीतही असतात. मराठीतला अर्ज पाहून मी तो दोनदा वाचला. तिने लिहिले होते की हा गोष्ट सांगण्याचा खेळ आहे, यात कोणी हरत नाही, आणि आपण एकदा पाहायला यावे.

मी आमच्या गणिताच्या सरांना खणातले फासे दाखवले. ते तर खूशच झाले. सात फासे होते. त्यांतले पाच त्यांनी ओळीने मांडले : चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा. म्हणाले, “बाई, भूमितीत नियमित घनाकृती एवढ्या पाचच. सहावी शक्यच नाही. मी हे फळ्यावर काढून काढून थकलो, आणि यांच्या खिशात ते आयते आहे!” उरलेले दोन दहा बाजूंचे. ते नियमित घनात मोडत नाहीत, असेही त्यांनी आवर्जून सांगितले.

तेव्हा कुठे मी खेळ समजून घेतला. आपल्यापैकी अनेकांना तो माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगते. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कोणी पहारेकरी, कोणी वैद्य, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो : “रात्र आहे, समोर दरवाजा आहे, आतून आवाज येतो. तुम्ही काय करता?” ज्याने त्याने आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचे. जे जमेल की नाही याची खात्री नाही, तिथे फासा टाकायचा. या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने अमेरिकेत १९७४ साली निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो तयार केला. आपल्या मुलांना तो शिकवला शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने. तो आता पुण्याला नोकरी करतो आणि सुट्टीत घरी येतो.

याची मुळे आणखी मागे जातात. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ प्रसिद्ध केला होता. नकाशाचे प्रमाण १ : ८०००. दोन बाजू आणि मध्ये एक पंच. प्रत्येक बाजूला फक्त तेवढेच दाखवायचे, जेवढे तिच्या सैनिकांना खरोखर दिसू शकेल. बाकीचे पंचाच्या मनात. पुढे आमच्या टेबलावर जे घडले त्यात ही ‘दिसेल तेवढेच दाखवायचे’ हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली.

मी फासे परत केले. सोमवारच्या प्रार्थनेनंतर, सर्वांसमोर, “मी न विचारता रागावले, ते चुकले,” असे म्हणून परत केले. मग मुलांनी दुसरी मागणी केली. त्यांना शाळेचा प्रोजेक्टर हवा होता.

आपला प्रोजेक्टर कसा वापरला जातो हे विश्वस्त मंडळींना ठाऊक आहे. स्नेहसंमेलनाला एकदा, पालकसभेला एकदा, आणि उरलेले वर्ष कपाटात. मुलांना तो भिंतीवर नको होता, टेबलावर हवा होता. म्हणजे नकाशा वरून खाली टेबलावर पडावा आणि त्यावर सोंगट्या ठेवून खेळता यावे. मी म्हटले, “करा. पण मशीन बिघडले तर मंडळाला उत्तर मला द्यायचे आहे.”

पहिल्याच दिवशी मशीन बंद पडले. मुलांनी ते कपाटावर पुस्तकांचा आधार देऊन तोंड खाली करून ठेवले होते. आतला दिवा फार तापतो, पंख्याची हवा जायला वाट हवी असते. दहा मिनिटांत लाल दिवा लागला आणि अंधार. माझ्या पोटात गोळाच आला. सुदैवाने थंड झाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. मग मुलांनी माहितीपुस्तिका वाचली, जी आम्हा मोठ्यांपैकी कोणीही कधी उघडली नव्हती. त्यात स्पष्ट लिहिले होते की हे मशीन इतके तिरके ठेवू नये.

उपाय विज्ञानाच्या बाईंनी सुचवला. मशीन कपाटावर सरळ आडवेच ठेवायचे आणि त्याच्यापुढे पंचेचाळीस अंशांत आरसा धरायचा. प्रकाश वळून खाली येईल. आरसा स्नेहसंमेलनाच्या मेकअपच्या खोलीतून आला. आरशाने चित्र उलटे झाले, अक्षरे डावीकडची उजवीकडे गेली. त्याचा इलाज मशीनमध्येच होता. पडद्याच्या मागून चित्र टाकण्याची एक सोय त्यात असते, ती चालू केली की चित्र पालटते. तरी प्रत्येक रेघेशेजारी एक फिकी रेघ दिसत होती. बाईंनी समजावले की साध्या आरशात चकाकणारा थर काचेच्या मागच्या बाजूला असतो. थोडा प्रकाश काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरूनच परततो आणि बाकीचा आतून जाऊन येतो, म्हणून दोन प्रतिमा. परावर्तनाचा धडा मुलांनी परीक्षेसाठी पाठ केला होता. आता तो डोळ्यांना खुपत होता, म्हणून समजला.

त्यानंतर मोजमाप. या खेळात बहुधा एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट धरतात. आपल्या मशीनच्या चित्रात आडवे १०२४ ठिपके आहेत. मुलांनी चित्र टेबलावर ४८ इंच रुंद पाडले. १०२४ भागिले ४८, म्हणजे एका इंचाला २१ ठिपके आणि वर एक तृतीयांश. “एक तृतीयांशाने काय होते?” म्हणून त्यांनी २१ ठिपक्यांचे चौकोन आखले. पहिल्या चौकोनात फरक दिसला नाही. अठ्ठेचाळिसाव्या चौकोनापर्यंत पोहोचेतो पाऊण इंच घसरला होता. मग नववीतल्या दोघांनी उलट हिशेब केला. एका इंचाला बरोबर २४ ठिपके हवेत, तर चित्र पावणेत्रेचाळीस इंचांहून किंचित कमी रुंद हवे. आमच्या मशीनला चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागते, म्हणजे ६४ इंच. कपाटाच्या माथ्यापासून टेबलापर्यंत ४८ इंच होतात, म्हणून आरसा मशीनपासून १६ इंचांवर. आरसा सरकवला, पट्टी ठेवली, दहा चौकोन बरोबर दहा इंच! त्या वेळी जो आरडाओरडा झाला तो ऐकून शिपाईकाका धावत आले.

खेळासाठी किल्ला कोणता, यावर वाद झाला नाही. खिडकीतून जो दिसतो तोच. ग्वाल्हेरचा किल्ला सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. पाच फुटांना एक इंच घेतला तर टेबल एकशे चौसष्ट फूट लांब लागेल, एवढे आपले सभागृहही नाही. म्हणून दोन नकाशे झाले. एक संपूर्ण किल्ल्याचा, लहान प्रमाणाचा. दुसरा तटाच्या एका तुकड्याचा, मोठ्या प्रमाणाचा. उपग्रहाच्या चित्रावरून मुलांनी आलेखाच्या कागदावर बाह्यरेषा काढली. मानमंदिर, तेली का मंदिर, सूरजकुंड, हाथी पोल या जागा बसवल्या. कथा १७८० सालची असल्याने किल्ल्यावरची शाळा, दूरदर्शनचा मनोरा असे नंतरचे सर्व पुसून टाकले. किल्ल्यावर काय जुने आणि काय नवे, याचा एवढा विचार मी इथे जन्मून कधी केला नव्हता.

कथा खरी आहे. १७८० च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, हा किल्ला महादजी शिंद्यांच्या ताब्यात होता. कॅप्टन पॉपहॅमच्या तुकडीने ३ ऑगस्टच्या रात्री कड्याला शिड्या आणि दोर लावले, पायांचा आवाज होऊ नये म्हणून लोकर-कापूस भरलेले जोडे घातले आणि ४ तारखेच्या पहाटे किल्ला घेतला. वाट दाखवणारे गोहदच्या राण्याचे लोक होते. पुढे १७८३ मध्ये महादजींनी तो परत मिळवला. आपली मुले त्या रात्रीचे पहारेकरी झाली. इंग्रजांच्या बाजूने खेळायला कोणीच तयार नव्हते, म्हणून ती बाजू सूत्रधाराकडे, म्हणजे अर्ज लिहिणाऱ्या त्या मुलीकडे गेली. तिने एकच नियम घातला : पहारेकरी शिंद्यांचे आहेत, तेव्हा टेबलावर मराठीच बोलायचे.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

आठवीत एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही. घरी आई मराठी, वडील हिंदी. शनिवारच्या मराठी वर्गात तो दोन वर्षे आला आणि दोन वर्षे गप्प बसला. एकदा त्याने उत्तर दिले तेव्हा वर्ग हसला होता. त्यानंतर तोंडच उघडले नाही. खेळातही त्याला बोलायचे नव्हते, म्हणून त्याने संगणक सांभाळण्याचे काम घेतले. काम असे : नकाशावर एक काळा थर असतो. सगळे टेबल काळे. पहारेकऱ्याच्या मशालीचा उजेड वीस फूट, म्हणजे चार चौकोन. पहारेकऱ्याची सोंगटी जिथे सरकेल तिथला काळा थर त्याने तेवढाच पुसायचा. मुले त्याला ‘अंधारवाला’ म्हणू लागली.

त्या शनिवारी मीही भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. पडदे ओढलेले, टेबलावर तट, आणि एक सोंगटी हळूहळू पुढे जात होती. अंधारवाल्याने चार चौकोन पुसले आणि थांबला. त्याला पडद्यावर जे दिसले होते ते टेबलावर हातांच्या सावलीमुळे कोणाला दिसत नव्हते. सूत्रधार मुद्दाम गप्प राहिली. सगळे त्याच्याकडे वळले. “काय आहे तिथे? सांग ना!”

तो म्हणाला, “तिथे... रस्सी आहे. दीवारवरून लटकून राहिली आहे. आणि... हलून राहिली आहे.”

कोणी हसले नाही. हसायला वेळच नव्हता. दोर हलतोय म्हणजे त्यावर कोणीतरी आहे! एकदम गलका झाला : कापा, शिंग वाजवा, दुसऱ्या चौकीला सांगा. आणि तो मुलगा त्या गलक्यात बोलत राहिला : कुठे किती उजेड, कुठे दगड सुटला आहे, कुठे माणसाची सावली. दहा मिनिटे तो बोलला. त्याची मराठी बरोबर नव्हती. पण प्रत्येक जण तिची वाट पाहत होता.

मला माझे दिवस आठवले. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरी मराठी होती, पण ती ग्वाल्हेरची मराठी, ‘येऊन राहिले’, ‘करून राहिले’ म्हणणारी. लग्नानंतर पुण्याच्या नातेवाइकांत मी सहज म्हणाले, “नळ चालू आहे, पाणी भरून राहिले आहे,” तर पंगतीत हशा पिकला. वाईट कोणाच्या मनात नव्हते. पण पुढची कित्येक वर्षे मी त्या घरात कमी बोलले, आणि कार्यक्रमात मराठीत भाषण करायचे म्हटले की आधी कोणाकडून तरी तपासून घेत असे. हे मनोगतसुद्धा इतकी वर्षे मराठीच्या बाईंकडून दुरुस्त होऊनच छापखान्यात जाते. यंदा मी त्यांना फक्त शुद्धलेखन पाहायला सांगितले आहे. वाक्ये माझीच राहू द्या म्हटले आहे.

किल्ला काही वाचला नाही. दोर कापायला फाशावर पंधरा तरी हवे होते, पडले तीन. लोकरीच्या जोड्यांचा आवाज कोणाला आला नाही, पहाटे तटावर शत्रू होता. मुले हिरमुसली. मग अंधारवाल्यानेच विचारले, “मॅडम, त्या बाजूला पहारा कमी का होता?” मी म्हटले, “तो कडा कोणी चढू शकणार नाही असे वाटले असेल.”

घरी आल्यावर हे माझेच उत्तर मला छळत राहिले. विश्वस्त मंडळींनो, जूनच्या सभेत शनिवारचा मराठी वर्ग चालू ठेवावा की नाही हा विषय होता. पटावर २३ नावे आणि हजेरी ९, हे आकडे मीच वाचून दाखवले होते. आपण मोठ्या दरवाज्यावर पहारा चांगला ठेवला आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन होतो, निबंधस्पर्धा होते, गणेशोत्सवात नाटक होते. पण भाषा दरवाज्यातून जात नाही. ती खेळाच्या मैदानावरून जाते, रिक्षातून जाते, जेवणाच्या ताटावरून जाते. भांडायची, हसायची, घाईत ओरडायची भाषा मुलांची हिंदी झाली, आणि तो कडा आपण सोडून दिला. वर जो चढून येऊ पाहत होता, त्याला ‘चुकीची मराठी’ म्हणून आपणच खाली ढकलले.

मी असे म्हणत नाही की प्रोजेक्टरने मराठी वाचेल. टेबलावर आता १४ मुले येतात, १४० नाही. काही पालकांनी राक्षस आणि मारामारीबद्दल काळजी कळवली, ती रास्त आहे. म्हणून एक शिक्षक सतत तिथे असतात आणि दोन तासांत खेळ थांबतो. एका विश्वस्तांनी दिव्याच्या खर्चाबद्दल विचारले. पुस्तिकेत दिव्याचे आयुष्य ३००० तास दिले आहे. वर्षातले चाळीस शनिवार धरले तर ८० तास होतात. कपाटात ठेवून दिव्याचे तास वाचतात हे खरे, पण वाचवलेले तास कोणाच्या उपयोगी पडत नाहीत.

माझ्या दोन विनंत्या आहेत. विश्वस्त मंडळाने शनिवारचा मराठी वर्ग आणखी दोन वर्षे चालू ठेवावा आणि त्यातला दुसरा तास या टेबलाला द्यावा. आणि पालकहो, आपले मूल घरी ‘रस्सी लटकून राहिली आहे’ म्हणाले, तर पहिल्यांदा विचारा, त्या रस्सीवर कोण होते? ‘दोर’ हा शब्द त्याला नंतर सांगता येईल. तो मुलगा आता ‘दोर’ म्हणतो. कोणी शिकवले ते मला माहीत नाही, मी नाही शिकवले.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या कथेत पहारेकऱ्यांना एक म्हातारी हवी आहे असे सूत्रधार म्हणत होती, रात्री झोप न येणारी आणि सर्वांना ओरडणारी. ते पात्र मला द्यावे, असा अर्ज मी केला आहे. मराठीत.